इस्त्रीघरातली घेरी

४ जानेवारी

प्रिय भिंगरी,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवू नकोस. गेल्या वर्षी पाठवल्या होत्यास, आणि मार्चमध्ये माझा मुलगा गेला.

कामाचं लिहिते. सूनबाईला घेरी येते. दोन महिन्यांत तिसरी खेप. काल आमच्या लाँड्रीच्या इस्त्रीघरात हॉटेलच्या चादरींची घडी घालता घालता पांढरीफटक पडली आणि गेली खाली. मी आणि प्रेसवाल्यानं दोन्ही बगलांत हात घालून तिला उचलली, खुर्चीवर ताठ बसवली, मान वर धरली. शुद्धीवर यायचं सोडून ती हातपायच झटकायला लागली. प्रेसवाला म्हणाला, "बाईसाहेब, ही जाते वाटतं." मी म्हटलं, एवढं नशीब कुणाचं!

डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं ठीक. म्हणे साधी घेरी आहे, पुष्कळांना येते. बावीस रुपयांची गोळीसुद्धा लिहून दिली नाही. मग मला तुझी आठवण झाली. तुझं निम्मं आयुष्य लोळण्यात गेलंय. सकाळच्या प्रार्थनेला तू दर आठवड्याला पडायचीस आणि सिस्टर तुझ्यासाठी बिस्किट आणायच्या. आम्हाला कधी बिस्किट मिळालं नाही.

तर घेरी कशानं येते, कधी येते, सगळं सविस्तर लिही. काही गाळू नकोस.

तुझी,
मेजर

१५ जानेवारी

माझी लाडकी मेजर,

तुझं पत्र हातात घेऊन खिडकीशी किती वेळ बसून होते. मुलाचं एका ओळीत लिहून पुढे गेलीस. तू शाळेतही अशीच होतीस. घरून वाईट बातमी आली त्या दिवशी सगळ्या हॉस्टेलच्या मोज्यांच्या जोड्या लावत बसली होतीस.

पण सुनेसाठी तू मला विचारलंस, याचं फार बरं वाटलं. तुला तिची काळजी वाटते हे तू तोंडानं कबूल करायची नाहीस, पण मला कळतं.

आधी एक सांगते, ते भिंतीवर लिहून ठेव. पडलेल्या माणसाला उचलून ताठ बसवायचं नाही! घेरीत रक्त पायांकडे उतरतं आणि डोक्याला कमी पडतं. म्हणून तर शरीर स्वतःला आडवं करतं. तुम्ही उभं धरलंत तर डोक्याला रक्त मिळणार कसं? हातपाय झटकले ते त्यामुळेच असेल. जमिनीवर निजवायचं, कपडे सैल करायचे, पाय उशीवर उंच ठेवायचे. मिनिटभरात माणूस परत येतं. मग लगेच उठवायचं नाही. आधी बसवायचं, घोट घोट पाणी द्यायचं. पडताना डोकं आपटलं, छातीत धडधडलं, किंवा चालता-धावताना, निजल्यानिजल्या घेरी आली, तर मात्र पुन्हा डॉक्टर.

आता कशानं येते. फार वेळ एका जागी उभं राहिलं तर. उकाड्यात, कोंदट खोलीत. पोट रिकामं असलं, पाणी कमी प्यायलं तर. रक्त किंवा सुई पाहून. मन धसकलं तर. आणि यातलं दोन-तीन एकदम जमून आलं तर हमखास. चाहूल आधी लागते: जांभया येतात, मळमळतं, घाम फुटतो, कानात घूं होतं, डोळ्यांपुढे बोगदा झाल्यासारखं दिसतं. तेवढ्यात खाली बसलं तर बहुतेक वेळा टळते. बसता येत नसेल तर पायावर पाय घालून मांड्या घट्ट आवळायच्या, मुठी वळायच्या.

तुझ्या इस्त्रीघरात तिला एक स्टूल दे आणि पाण्याची बाटली. बाकी काही लागत नाही. यानं कुणी मरत नाही, मेजर. माझ्याकडे बघ.

तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र फार उपयोगी पडलं. तीनदा वाचलं.

सध्या हॉटेलांची लग्नांची कामं आलीत. टेबलक्लॉथचे गठ्ठे दारापर्यंत लागलेत, म्हणून सूनबाईला बॉयलरशेजारच्या मोठ्या प्रेसवर उभी केलीय. स्टुलं सगळी काढून टाकली, येण्याजाण्यात पायात येतात. नाश्ताही आता दहानंतरच करतो, सकाळचा लॉट आधी निघाला पाहिजे. या आठवड्यात ती दोनदा पडली. तुझ्या सांगण्याप्रमाणे आम्ही तिला जमिनीवर निजवली. गठ्ठेवाली म्हणाली, "बाईसाहेब, चादरी खराब होतील." मी म्हटलं, आधी चादरी काढून घे, मग पाय उचल.

आता मुद्द्याचं. तिला चष्म्यांच्या काचा घासायचं तिचं जुनं काम परत मिळालंय, तिच्या माहेरच्या शहरात. म्हणते, छोटीला घेऊन जाते. छोटी तीन वर्षांची आहे, भिंगरी. हसली की माझा मुलगाच हसतो. मी कोर्टात अर्ज केलाय. जी बाई उभ्या उभ्या पडते, तिच्या हातात पोर कसं द्यायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. कोर्टाकडून एक अधिकारी बाई घर बघायला येणार आहेत.

तिला जायचं तर जाऊ दे. छोटी जाणार नाही.

तू म्हणत होतीस ना, एकदा येऊन जाते म्हणून? ये. पोरीला बघून जा.

मेजर

२० मार्च

प्रिय सूनबाई,

घरी सुखरूप पोचले. तुझ्या सासूला वेगळं पत्र लिहिलंय, त्यात फक्त आभार आहेत. तुला हे लपूनछपून नाही, घरच्याच पत्त्यावर पाठवते. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आठ दिवस तुझ्याबरोबर राहिले आणि मला मीच दिसले. पंचवीस वर्षांची, पांढरी पडलेली, सगळ्यांची माफी मागणारी. माफी मागू नकोस गं. शिंक आल्यावर कुणी माफी मागतं का?

मेजरशी मी बोलले. म्हणाली, स्टूल देते. तिच्या मनात वाईट नाही, ती दुःखात आहे. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले पाणी प्यायचं. उपाशी प्रेसवर जायचं नाही. उभं राहावंच लागलं तर टाचा वर-खाली करत राहायच्या. आणि छोटीबरोबरचा आपला खेळ चालू ठेव. "आई निजली" म्हटलं की उशी आणायची, आईचे पाय वर ठेवायचे, बोट धरून बसायचं, घाबरायचं नाही. किती पटकन शिकली! पहिल्या दिवशी रडत होती, चौथ्या दिवशी मलाच ओरडली, "भिंगरीआजी, पाय हलवू नको!"

माझी मुलं लहान असताना मला हे सुचलं नाही. ती बिचारी दाराआड जाऊन रडायची.

तुझी,
भिंगरी मावशी

२ एप्रिल

मावशी,

स.न.वि.वि. तुमचं पत्र मिळालं. ते आधी फोडलेलं होतं.

स्टूल मिळालं नाही. तुम्ही गेलात त्याच दिवशी दुपारी सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता हिच्या बाजूनं वकीलही आला हं. आज कुठल्या अंगावर पडणार आहेस सूनबाई? तेवढा कोपरा झाडून घेते." सगळे हसले. प्रेसवाला हसला नाही, पण त्यानं तोंड फिरवलं. नाश्ता अकरावर गेलाय. पाणी प्यायला गेले की म्हणतात, पुन्हा बाथरूमला जाशील, मशीन थांबेल.

मावशी, रागावू नका, पण तुम्ही त्यांना काय लिहिलं होतं? कारण मला ज्या ज्या गोष्टीनं घेरी येते, ती प्रत्येक गोष्ट जानेवारीनंतरच सुरू झाली. त्याआधी मला दोन महिन्यांत तीनदा आली होती. आता आठवड्याला येते.

मांड्या आवळायचं मी शिकले. परवा बॉयलरशेजारी दोन तास उभी राहिले आणि पडले नाही. सासूबाई तीनदा येऊन बघून गेल्या.

अधिकारी बाई मंगळवारी येणार आहेत. छोटी मजेत आहे. बाहुलीचेसुद्धा पाय उशीवर ठेवते.

तुमची,
सून

६ एप्रिल

मेजर,

तू माझं पत्र उलटं वाचलंस. मी टाळायचं म्हणून लिहिलं, ते तू करायचं म्हणून ठेवलंस. मी कितीदा स्वतःला समजावलं की तसं नाही, कामाची गर्दी आहे, स्टुलं खरंच पायात येत असतील. शाळेत तू एका मुलीला वर्षभर छळलं होतंस. तिनं तुझा पहिला नंबर घेतला होता. रोज तिच्या डब्याशेजारी बसून तिच्या घासाघासाकडे टक लावून बघायचीस, आणि ती जेवू शकायची नाही. आम्हाला तेव्हा ते धाडस वाटायचं.

अजून वेळ आहे. मंगळवारी त्या बाईंना तुमच्या बैठकीच्या खोलीत भेट. सुनेला पोटभर खाऊ घाल. एवढंच मागते.

भिंगरी

१४ एप्रिल

भिंगरी,

मंगळवारी अधिकारी बाई आल्या. बैठकीच्या खोलीत रंगाचं काम चालू होतं, म्हणून मी त्यांना इस्त्रीघरात नेलं. दुपारी बारा वाजता. बिचाऱ्या स्वतःच रुमालानं गळा पुसत होत्या. सूनबाई प्रश्नांची उत्तरं छान देत होती. पगार किती, घर कुठे, पाळणाघर कोणतं. पायावर पाय घालून, मुठी वळून. मला वाटलं, ही आज पडत नाही, भिंगरीनं पक्की शिकवलीय.

मग ती स्वतःच म्हणाली, "माफ करा, मला दोन मिनिटं खाली निजावं लागेल." आणि निजली. शहाण्यासारखी, डोकं सांभाळून. आणि छोटी काय सांगू! धावत गेली, उशी आणली, आईचे पाय उचलून वर ठेवले. इवलाले हात! बोट धरून बसली आणि अधिकारी बाईंना म्हणाली, "घाबरू नका. आई येते परत. भिंगरीआजीनं शिकवलंय."

अधिकारी बाईंनी विचारलं, "हे नेहमी करतेस का बाळ?" छोटी म्हणाली, "हो. मी आईला सांभाळते."

मला बोलायची गरजच पडली नाही. जाताना दारात त्या म्हणाल्या, "तीन वर्षांच्या मुलीला आईची नर्स करून ठेवलंय हो. हे काही बरोबर नाही." तसंच लिहिणार आहेत. मी तिला पाडायला निघाले होते, ते जमलं नसतं. तुझ्या खेळानं जमलं. आभार.

आता तुला राग आला असेल, तर माझंही ऐक. जे मी कुणाला सांगितलं नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझा मुलगा ओल्या चादरींचा गठ्ठा घेऊन जिन्यावरून पडला. डोकं कठड्याच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटलं. कामगार घरी गेले होते. ही एकटी होती. हिनं रक्त पाहिलं आणि हीसुद्धा पडली. मी आले तेव्हा दोघं शेजारी शेजारी. ही उठत होती. तो उठत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, तो जागीच गेला. डॉक्टर होते का तिथे? तू लिहितेस, मिनिटभरात माणूस परत येतं. यानं कुणी मरत नाही. तुझं ते मिनिट माझ्या मुलाचं होतं.

मेजर

२१ एप्रिल

मेजर,

तुझं पत्र वाचून मी खूप रडले. तुझ्यासाठीही रडले. हे तू गेल्या वर्षी मार्चमध्येच सांगितलं असतंस, तर मी त्याच दिवशी निघून आले असते आणि तुझ्याजवळ राहिले असते.

पण ती मुद्दाम पडली नाही गं. रक्त पाहून पडणाऱ्याला कुणी विचारत नाही, पडू का म्हणून.

मी सुनेच्या वकिलांना फोन केला. साक्ष द्यायला येते म्हणून सांगितलं. त्या पोरीला मी शिकवलं, ते ओझं म्हणून नाही, भीती जावी म्हणून. हे मीच सांगायला हवं. आणि पन्नास वर्षं घेरी येणाऱ्या बाईनं दोन मुलगे वाढवले, हेही.

भिंगरी

२७ एप्रिल

भिंगरी,

ये, जरूर ये. तारीख एकोणीस मे. इथे मे महिना कसा असतो ते तुला ठाऊक आहे. कोर्टाची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या रंगानं चिकटल्यात, पंखा न्यायाधीशांच्या डोक्यावर. साक्षीदाराला लाकडी कठड्यात उभं राहावं लागतं. आधी बाहेर बाकावर दोन-तीन तास सहज जातात, आणि बाकावर जागा नसते.

खुर्ची मागता येते, पण मागितलीस तर माझा वकील विचारेल, "का बाई, उभं राहता येत नाही?" तेवढंच त्याला पुरे आहे.

तू पडशील, भिंगरी. सगळ्यांसमोर, वय वर्षं बासष्ट, पातळ वर गेलेलं. आणि तुझ्याकडे बघून न्यायाधीशांना कळेल की हे जन्मात बरं होत नाही. सुनेचं भलं करायचं असेल तर घरी बस.

तुझ्या भल्यासाठी सांगते.

मेजर

३ मे

मेजर,

खुर्ची मागणार नाही.

सकाळी नीट खाऊन, पाणी पिऊन येईन. बाकावर जागा नसेल तर जमिनीवर बसेन. कठड्यात पाय आवळून उभी राहीन. तरीही आलीच घेरी, तर खाली बसेन, आडवी होईन, उठेन आणि राहिलेलं वाक्य पुरं करीन. न्यायाधीशांना तेच बघू दे. जन्मात बरं होत नाही हे खरंच आहे. त्यांना बघू दे की त्यामुळे जन्म अडत नाही.

पातळाला पिना लावीन.

भिंगरी

११ जून

भिंगरी,

हे शेवटचं पत्र, म्हणून नीट लिहिते.

तू पडलीस तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. माझा वकील तुला तेच तेच विचारून मुद्दाम वेळ काढत होता. तसं मीच त्याला सांगितलं होतं. तू म्हणालीस, "मला दोन मुलगे आहेत, आणि त्यांना मी कधीही—" आणि तोंडाचा रंग गेला. कठडा धरून तू हळूच खाली बसलीस आणि आडवी झालीस. शिपाई धावला, बगलेत हात घालून तुला उचलायला लागला, तर सूनबाई अशी ओरडली की न्यायाधीशही दचकले. "उचलू नका त्यांना! निजू द्या!" या घरात सहा वर्षं तिचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. तू पापण्या हलवल्यास, तेव्हा काटा जेमतेम सरकला होता. तू थोडा वेळ पडून राहिलीस, मग बसलीस, पाणी प्यालीस, उभी राहिलीस, पदर नीट केलास आणि म्हणालीस, "—हातातून पडू दिलं नाही." न्यायाधीश हसले. तेवढ्यातच मी हरले.

निकाल तुला कळला असेल. छोटी तिच्या आईकडे. मला सुट्टीत आठ दिवस.

आता जे कळलं ते सांगते. त्या घड्याळाकडे बघताना मला कळलं, की तेवढ्या वेळात माझ्या मुलाला कुणी वाचवू शकलं नसतं. ती शुद्धीवर असती तरी नाही. मी असते तरी नाही. डॉक्टर खरंच बोलले होते. तुला वाटेल, मला सुटल्यासारखं वाटलं. नाही वाटलं. सव्वा वर्ष मी त्या मुलीवर राग ठेवून सकाळी उठत होते, बॉयलर पेटवत होते. आता तिच्यावर ठेवता येत नाही. कुणावर तरी ठेवल्याशिवाय मला उठता येत नाही. म्हणून तो आता तुझ्यावर ठेवते. तू दूर आहेस, तुला सोसेल.

गुरुवारी त्या दोघी गेल्या. मी छोटीचे फ्रॉक स्वतः इस्त्री केले, कॉलरसुद्धा. सूनबाई पाया पडायला वाकली. मी म्हटलं, वाकू नकोस, उठताना चक्कर येईल. तिला वाटलं मी टोमणा मारला. मारलाच होता बहुतेक, आता मलाही कळेनासं झालंय. छोटी टॅक्सीत बसली आणि काचेतून मला हात करायला विसरली. टॅक्सीचा हॉर्न वाजवायला मिळतो का, हे विचारत होती.

प्रेसवाला म्हणाला, "बाईसाहेब, जरा बसा." मी त्याला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं.

पन्नास वर्षं तू मला लिहितेस. आता लिहू नकोस. मी तुझी पत्रं उलटी वाचते, तूच म्हणालीस. उत्तर पाठवू नकोस, भिंगरी. पाठवलंस तर मी वाचीन.

मेजर